अटकेपारचा जमाखर्च

मराठी माणसाला ‘अटक’ हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक आहे. एका अटकेत हातात बेड्या पडतात आणि दुसरीच्या पार झेंडे लागतात. ही दुसरी अटक आपण फार स्वस्त करून टाकली आहे. आमच्या बँकेत इंदापूर शाखेतला कारकून पन्नास किलोमीटरवर बारामतीला बदलून गेला, तरी निरोपसमारंभात साहेब त्याला अटकेपार झेंडा लावायला लावतात. हार वर्गणीचा असतो, झेंडा फुकट.

खरी अटक सिंधू नदीच्या काठी आहे, आज पाकिस्तानात. तिच्या पलीकडे पेशावर: खैबर खिंडीच्या तोंडाशी, डोंगरांनी वेढलेल्या मैदानात वसलेले जुने शहर. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तरी पुण्याहून सुमारे 1700 किलोमीटर. 1758 साली आपले लोक तिथवर घोड्यावरून गेले. आम्हांला बारामतीहून पुण्याला जायचे तर खिडकीजवळची जागा लागते!

आणि घोडे तरी कुठले? भीमा-नीरेच्या काठचे, म्हणजे आमच्याच बारामती-इंदापूरकडचे. हा सगळा भीमथडीचा मुलूख. बारामती तर इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुक्यातच होती. इथले तट्टू अंगाने बेताचे, पण चिवट. मूठभर चाऱ्यावर दिवसभर चालणारे. (इकडच्या माणसांचेही वर्णन याहून फारसे वेगळे करता येणार नाही.)

तर झाले असे की, पंजाबातल्या अदीना बेगला अब्दालीच्या लोकांना हुसकायचे होते. त्याने मराठ्यांना बोलावले. रघुनाथरावांनी मार्चमध्ये सरहिंद घेतले, एप्रिलमध्ये लाहोर. अदीना बेगने लाहोरच्या शालिमार बागेत लाख रुपये खर्चून चौथरा उभारला आणि त्यावर दादासाहेबांचा सत्कार केला. वर, वर्षाला 75 लाख देण्याचे कबूल केले. दादासाहेब लाहोराहून माघारी वळले. पुढे तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांची पथके अटकेला आणि पेशावराकडे गेली. पेशावरात आपले ठाणे किती दिवस टिकले, यावर इतिहासकार अजून भांडतात.

मला त्या भांडणात रस नाही. मला वाटते, त्या पथकात आमच्याकडचा एखादा बारगीर असेलच. त्याने काय पाहिले? बाभळी आणि जोंधळा बघत वाढलेला गडी. भर वैशाखात आजूबाजूला डोंगरच डोंगर आणि लांबच्या रांगेवर पांढरे काहीतरी. हे बर्फ आहे, हे त्याला कुणी आणि कुठल्या भाषेत सांगितले असेल? भाकरी मागितल्यावर काय मिळाले असेल? घरी आल्यावर पारावर बसून त्याने चार गोष्टी सांगितल्याही असतील. पण लिहून कुणी ठेवल्या? त्याच काळात बारामतीला मोरोपंत होते. पुढे पंतांनी 108 रामायणे लिहिली. लंकेपर्यंतचा रस्ता त्यांनी 108 वेळा सांगितला; पेशावरचा एकदाही नाही. दोष पंतांचा नाही. विचारणार कोण आणि सांगणार कोण?

पेशावरचे वर्णन मग लिहिले कोणी? एल्फिन्स्टनने. ज्याच्या नावाचे मुंबईत कॉलेज आहे, तोच. 1809 च्या फेब्रुवारीत तो इंग्रजांचा वकील म्हणून पेशावरला अफगाणांच्या बादशहाकडे गेला आणि काही महिने राहिला. काबूलपर्यंत त्याला जाताच आले नाही. तरी बहाद्दराने डोंगर, नद्या, पिके, टोळ्या, माणसांचे रीतिरिवाज सगळे विचारून टिपून घेतले आणि 1815 साली काबूलच्या राज्याचा जाडजूड ग्रंथ काढला. तोवर तो पुण्यात संगमावर रेसिडेंट होऊन बसला होता. तिथेही त्याचे विचारणे आणि टिपणे चालूच होते. फक्त या वेळी विषय आपण होतो. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि आपल्या फौजेने त्याचा बंगला पुस्तकांसकट जाळला. पण त्याला हवे ते डोक्यात होते. पुढल्याच वर्षी पेशवाई संपली.

आता आमच्या धंद्यातले बोलतो. अटकेच्या स्वारीचा ताळेबंद मांडला तर जमेकडे 75 लाखांचा वायदा, आणि वायदा करणारा अदीना बेग त्याच वर्षी वारलेला. जामीनदार नाही. नावेकडे दादासाहेबांनी आणलेले कर्ज, सुमारे 80 लाखांचे म्हणतात. 1759 मध्ये अब्दाली परतला, लाहोर गेले, आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपत झाले. शिल्लक राहिला एक वाक्प्रचार, तो आपण निरोपसमारंभाला वापरतो.

तट्टाचे मात्र नशीब जरा बरे. राज्यगीतात त्याचे नाव आहे. शिवाय हरियाणातल्या कर्नालच्या सरकारी संस्थेने अलीकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून रीतसर नोंद केली. कर्नालहून पानिपत अगदी जवळ. तिथून परत न आलेल्या घोड्याची अखेर नोंद झाली, तीही तिथल्याच शेजारी. त्याच्या पाठीवरच्या माणसाचे नाव मात्र अजून कुठल्याच खात्यात नाही.