बॉयलरची लढाई : अडीच इंची रुळांवरचा एक वाद

वाफेच्या इंजिनाचं किट आज पैसे मोजले की घरी येतं. खोक्यात चाकं, सिलिंडर, तांब्याचा बॉयलर, स्क्रूंच्या पुड्या. सगळं नीट जोडलं, कोळसा पेटवला की ते इंजिन खरंच धावतं आणि मागच्या डब्यावर माणूस बसवून ओढतं. पण शंभर वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये, हे जमेल का यावरच मोठं भांडण झालं होतं. आजची गोष्ट त्याच भांडणाची.

आधी अडचण काय होती ते बघू. मोठ्या इंजिनात भट्टीचा गरम धूर पाण्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून पुढे जातो. वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं राबतं, तितकी आग भडकते. कमाल आहे ना?

आता हेच इंजिन वीस पट लहान करा. लांबी वीस पट कमी झाली, पण पृष्ठभाग होतो 400 पट कमी आणि आतलं पाणी तब्बल 8000 पट कमी! म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता बाहेर जायला जागा वीस पट जास्त. शिवाय नळ्याही तेवढ्याच बारीक केल्या, तर काजळीने लगेच तुंबणार. म्हणून त्या काळी छोट्या इंजिनांत सर्रास स्पिरिटचा दिवा वापरायचे. बॅसेट-लोक ही नॉर्दॅम्प्टनची नावाजलेली कंपनी आणि हेन्री ग्रीनली हे तिचे डिझायनर. या क्षेत्रात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

1922 मध्ये 'मॉडेल इंजिनिअर' या मासिकात एका माणसाने याला आव्हान दिलं. टोपणनाव 'एलबीएससी'. खरं तर ही लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची आद्याक्षरं. तिथे त्याने इंजिनावर फायरमनचं काम केलं होतं. लोक त्याला कर्ली लॉरेन्स म्हणायचे. त्याचं म्हणणं सरळ होतं: कोळशाचं खरं बॉयलर लहान इंजिनातही चालतं. फक्त आतली प्रत्येक गोष्ट मोजून लहान करायची नाही. नळ्या कमी ठेवा, पण तुलनेने रुंद ठेवा. आणि तो जास्तीचा पृष्ठभाग? तो उष्णता घालवतो तसा आतही घेतो, म्हणून छोटं बॉयलर पटकन तापतं.

पत्रांवर पत्रं झडली. या वादाला 'बॉयलरची लढाई' असंच नाव पडलं. शेवटी 1924 मध्ये फैसला रुळांवर झाला. एका बाजूला बॅसेट-लोकचं 'चॅलेंजर', दुसऱ्या बाजूला लॉरेन्सने बनवलेलं 'आयेशा'. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच इंच. माथेरानच्या गाडीचे रूळसुद्धा दोन फुटांवर असतात, यावरून अंदाज करा! कोळशावर चालणाऱ्या त्या चिमुकल्या आयेशाने चक्क मोठी माणसं ओढून दाखवली.

पण माझ्या मते खरा विजय त्यानंतरचा आहे. लॉरेन्सने पुढची चाळीसेक वर्षं आपली युक्ती मुठीत झाकून ठेवली नाही. इंजिनामागून इंजिन, सुटे भाग कसे कापायचे, कसे जोडायचे, हे तो साध्या गप्पांच्या भाषेत लिहीत राहिला. 'टिच' नावाचं त्याचं छोटं इंजिन तर खास नवशिक्यांसाठी होतं. त्याच्या नकाशांबरहुकूम ओतीव भागांचे संच दुकानांत मिळू लागले. नोकरी करून रात्री घरच्या लेथवर बसणारी माणसं खरी इंजिनं बनवू लागली.

आजचं किट याच परंपरेतलं. बॉयलरवर मात्र आजही कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही. नवं बॉयलर आधी थंड पाण्याने गच्च भरून, नेहमीच्या दुप्पट दाबाखाली तपासतात. पाणी का? कारण फुटलंच तर पाणी नुसतं गळतं, वाफ मात्र जीव घेते.

तर मंडळी, मोठ्या गोष्टीची हुबेहूब छोटी नक्कल केली की ती चालतेच असं नाही. ती का चालते, हे आधी कळावं लागतं. लॉरेन्सला ते भट्टीत कोळसा टाकता टाकता कळलं होतं. भेटू पुढच्या भागात!