तगराचे कापड आणि भडोचचा साग

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तेर या गावाचे जुने नाव, तगर, 51 व्या कलमात येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथले जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असे त्या पुस्तकाचा अनामिक व्यापारी-लेखक लिहितो. तगर म्हणजे देवगिरी, जुन्नर की धारूर, हा वाद इतिहास-अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये तेरच्या बाजूने मिटवला. त्यावर आणखी शाई खर्चायला नको. मराठी लेखनात हे कलम सतत येते, पण त्याच पुस्तकातले 36 वे कलम क्वचितच. तगराचे कापड ज्या धक्क्यावर उतरे, त्याच भडोचहून इराणच्या आखाताकडच्या अपोलोगस आणि ओम्मना या बंदरांकडे मोठी गलबते तांबे व लाकूड भरून निघत. लाकडाच्या यादीत तुळया आहेत, शिसवाचे आणि आबनुसाचे ओंडके आहेत, आणि सर्वांत आधी ‘सगलिना’ नावाचे एक लाकूड आहे. सगळा घोळ या एका शब्दाचा.

हा ग्रंथ दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. त्यात अक्षरे ‘सगलिना’ अशीच असताना संपादकांनी ती नकलनविसाची चूक ठरवून ‘सांतलिना’, म्हणजे चंदन, अशी सुधारली. शॉफ यांच्या 1912 च्या इंग्रजी भाषांतरातही चंदन आहे. गंमत अशी, की त्यांनी पुढच्या साध्या ‘तुळया’ या शब्दापाशी पदरचा साग घातला. दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून घ्यावा लागला. 1989 मध्ये नवे भाषांतर करणाऱ्या लायनेल कॅसन यांनी मात्र सरळ साग स्वीकारला, आणि मला तोच पाठ खरा वाटतो. संस्कृत ‘शाक’, प्राकृत ‘साग’, अरबी ‘साज’ ही साखळी सर्वमान्य आहे. युरोपने या झाडाचे नाव मलयाळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगिजांमार्फत घेतले, आखाताने भडोचच्या बाजूचे नाव उचलले. ज्या किनाऱ्याचा माल, त्याच किनाऱ्याचे नाव, आणि ‘सगलिना’ ही त्या प्रवासातली मधली पायरी.

चंदनवाद्यांचा खरा आधार ‘ल’ हे अक्षर आहे, हे मान्य करायला हवे. ‘साग’मध्ये तो नाही, ‘सांतल’मध्ये आहे. पण प्राकृतात नामांना ‘ल’ जोडण्याची सवय जुनी आहे. अंधाचा आंधळा आणि पंगूचा पांगळा त्याच वाटेने झाले. भडोचच्या बाजारात ‘सागल’सारखे रूप चालत असणार, असा माझा तर्क आहे, आणि तो मी सोडायला तयार नाही. शिवाय प्रश्न अक्षरांपुरता नाही. चंदन दक्षिणेतले, तोळामासा विकले जाणारे. त्याची जागा तुळया-ओंडक्यांच्या शेजारी कशी? आखातात जहाजासाठी लाकूड नाही, आणि हेच पुस्तक ओम्मनाहून अरबस्तानात जाणाऱ्या, दोरीने शिवलेल्या नावांचा उल्लेख करते. त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस लिहून गेला, की टायलॉसच्या म्हणजे आजच्या बहरीनच्या नावा ज्या लाकडाच्या असतात, ते समुद्राच्या पाण्यात दोनशे वर्षांहून जास्त टिकते. या वर्णनात चंदन बसत नाही. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात तर सागाची लाकडे इमारतींत पुन्हा वापरलेली सापडली, आणि ती मोडीत निघालेल्या जहाजांची असावीत, असे मानतात.

‘मग यात तेरचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. तेरणेच्या काठी सागाचे रान नाही, आणि तिथून भडोचपर्यंत ओंडके गाडीने वाहणे कोणालाच परवडले नसते. ओंडके नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून आणि डांगाच्या बाजूने उतरले असणार. तेरचा वाटा गिऱ्हाइकाचा आणि शेजाऱ्याचा. तिथल्या त्रिविक्रम मंदिराचे मूळ चैत्यगृह पाहा: विटांचे असूनही त्याचे छप्पर गजपृष्ठाकार आहे, म्हणजे लाकडी कमानींच्या छपराची विटांत केलेली नक्कल. कार्ल्याच्या लेण्यात तशा लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. लाकूड जिथे दुर्मीळ, तिथेही सुताराचा आकार हटला नाही. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाला तर कोरीव लाकडी चौकटच बसवली होती. ज्या गाड्या कापड घेऊन भडोचला जात, त्या रिकाम्या परतत नसाव्यात, पण त्यांत लाकूड असे, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. सहाव्या शतकात ग्रीक प्रवासी कॉस्मस कल्याणहून जाणाऱ्या मालात कापडाशेजारी ‘सेसामिना’ लाकूड नोंदवतो. कित्येक भाषांतरांत ते ‘तिळाचे ओंडके’ झाले, जणू तिळाच्या रोपाला करवत लागते. खरे तर ते शिसवच. दहाव्या शतकात भूगोलकार इस्तखरी आखातातल्या सिराफ बंदराची घरे सागाची असल्याचे सांगतो. आज ओघ उलटा आहे. ब्रह्मदेशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि आपल्या वखारींत घाना, सुदान, इक्वेडोरचा साग बिनदिक्कत ‘साग’ म्हणूनच विकला जातो. त्यातला बराचसा कांडला बंदरात उतरतो, भडोचच्याच गुजरातेत.