प्रार्थनापोथीतून कालव्यांवर: नेदरलंड्समधील हिवाळी चित्रांची परंपरा

युरोपातील हिवाळी निसर्गचित्र जन्माला आले ते प्रार्थनापोथीच्या पानावर. श्रीमंत घराण्यांसाठी हाताने लिहिलेल्या या पोथ्यांच्या आरंभी सणवारांची दिनदर्शिका असे आणि महिन्यागणिक त्या त्या वेळचे काम रंगवलेले असे. उन्हाळ्यात गवताची कापणी, शरदात द्राक्षांची तोडणी, हिवाळ्यात शेकोटी. थंडी दाखवायला विस्तवापुढे हात धरून बसलेला माणूस पुरत असे. बाहेरचा बर्फ क्वचितच रंगवला जाई.

नेदरलंड्सच्या प्रदेशातून आलेल्या लिंबूर्ग बंधूंनी सुमारे १४१२ मध्ये फ्रान्समधील बेरीच्या ड्यूकसाठी एक पोथी सजवायला घेतली. १४१६ मध्ये ड्यूक आणि तिघे भाऊ वारले आणि काम अर्धवट राहिले. आज ती शांतियी येथील संग्रहालयात आहे. तिच्यातील फेब्रुवारीच्या पानावर शेकोटी आहेच. पण घराची पुढची भिंत काढून टाकल्यासारखे आतले दृश्य दाखवले असून बाहेर सगळे शिवार बर्फाने झाकले आहे. मेंढ्या गोठ्यात एकमेकींना चिकटल्या आहेत, मधमाश्यांच्या पेट्यांवर बर्फाच्या टोप्या चढल्या आहेत, पाखरे अंगणात दाणे टिपत आहेत. एक जण लाकूड तोडतो आहे, दुसरा गाढव हाकत दूरच्या गावाकडे निघाला आहे. ऊब आणि टंचाई या हिवाळ्याच्या दोन्ही बाजू इथे एकाच पानावर आल्या. पुढच्या अडीचशे वर्षांतील चित्रकारांनी त्यांपैकी कधी एकीला, कधी दुसरीला जवळ केले.

हा विषय पोथीतून काढून मोठ्या लाकडी फळीवर आणला तो पीटर ब्रॉयगेल याने. अँटवर्पचा व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी त्याने १५६५ मध्ये वर्षातील ऋतुमानाची चित्रमालिका रंगवली. तिच्यातील पाच चित्रे आज उपलब्ध आहेत. ‘बर्फातील शिकारी’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. १५६४-६५ चा हिवाळा अतिशय कडक होता. चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकादरम्यानच्या ज्या थंड कालखंडाला ‘लघु हिमयुग’ म्हणतात, त्यातलाच हा एक हिवाळा.

चित्रात तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून टेकडीवरून गावाकडे उतरत आहेत. बरोबर कुत्र्यांचा कळप आहे, पण हाती लागला आहे तो एक कोल्हा. कुत्री माना खाली घालून पाय ओढत चालली आहेत. डावीकडे खानावळीची पाटी एकाच कडीवर लोंबकळते आहे आणि तिच्याखाली माणसे मोठा जाळ पेटवून डुकराचे केस जाळण्याच्या तयारीत आहेत. खाली पाणचक्कीचे चाक गोठून उभे आहे, तर गोठलेल्या तळ्यांवर मुले-माणसे घसरत, खेळत आहेत. आकाश आणि तळी एकाच हिरवट-राखाडी रंगाची आहेत. ऊन नसल्याने सावल्याही नाहीत. या एका रंगामुळे थंडी चित्रभर पसरते. मागचे टोकदार सुळके मात्र त्या सपाट प्रदेशातले नव्हेत. इटलीच्या प्रवासात ब्रॉयगेलने आल्प्स पाहिले होते, ते त्याने इथे आणून ठेवले.

त्याच वर्षी त्याने रंगवलेल्या दुसऱ्या, आकाराने लहान चित्रात नदीवर लोक घसरत आहेत आणि काठावर एक जुने दार काठीच्या टेकूवर तिरके उभे केले आहे. खाली दाणे टिपायला पाखरे जमली आहेत. टेकूची दोरी ओढली की दार त्यांच्यावर पडणार. बर्फावरची माणसेही तितक्याच बेसावध आहेत, हे पाहणाऱ्याला उमगते. या चित्राच्या शंभराहून अधिक प्रती निघाल्या. अनेक ब्रॉयगेलच्या थोरल्या मुलाच्या कार्यशाळेत तयार झाल्या.

१५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडले. तेथील अनेक कारागीर आणि चित्रकार उत्तरेला हॉलंडमध्ये गेले आणि हा विषयही त्यांच्याबरोबर गेला. तेथे चित्रे बाजारात विकली जात आणि मध्यमवर्गीय नागरिकही ती घेत. हिवाळी दृश्य हाच ज्याचा मुख्य विषय झाला, असा हेंड्रिक आव्हरकाम्प (१५८५-१६३४) याच पिढीतला. तो बोलू शकत नसे. ‘काम्पेनचा मुका’ या नावानेच तो ओळखला जाई. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील त्याच्या सुमारे १६०८ च्या चित्रात गोठलेल्या पाण्यावर सगळे गाव उतरले आहे. लोखंडी पात्यांचे स्केट बांधून जोडपी घसरत आहेत, कोणी काठीने चेंडू टोलवतो आहे, कोणी आपटले आहे. डाव्या कोपऱ्यात ब्रॉयगेलचा तो दाराचा सापळाही आहे आणि मेलेल्या जनावराचे लचके तोडणारा कुत्राही. आनंद चित्रभर आहे. टंचाई कोपऱ्यात सरकली आहे.

हा बर्फ रंगवायला मुख्यतः सफेदा लागे. शिशाचे पत्रे व्हिनेगर घातलेल्या मातीच्या भांड्यांत ठेवून ती भांडी घोड्याच्या लिदीत पुरत. काही आठवड्यांनी पत्र्यांवर पांढरा थर धरे, तो खरवडून दळत. पण नुसता सफेदा खडूसारखा दिसतो. म्हणून त्यात राखाडी, पिवळसर, गुलाबी छटा मिसळाव्या लागत. निळ्यासाठी कोबाल्टयुक्त काचेची पूड, म्हणजे स्मॉल्ट, स्वस्त पडे. मात्र ती कालांतराने करडी होते. त्यामुळे काही जुनी आकाशे आज मूळच्यापेक्षा फिकी दिसतात.

पुढे यान फान गोयेनने क्षितिज खाली आणून आकाशाला जागा दिली आणि आर्ट फान डर नेरने बर्फावर पडलेला संधिप्रकाश टिपला. १६६० च्या सुमारास याकोब फान रॉइसडालने गर्दीच काढून टाकली. त्याच्या चित्रांत काळे ढग, बंद घरे आणि एखाददुसरा वाटसरू उरतो. आव्हरकाम्पने कोपऱ्यात सारलेली टंचाई पुन्हा मध्यभागी आली.

अठराव्या शतकात हा प्रवाह क्षीण झाला. एकोणिसाव्या शतकात हेगच्या आंद्रेआस स्खेल्फहाउटने गोठलेले कालवे पुन्हा लोकप्रिय केले. त्याचा शिष्य योहान योंगकिंड फ्रान्समध्ये गेला आणि १८६२ मध्ये तरुण क्लोद मोने त्याला भेटला. त्याच्याकडून आपली नजर घडल्याचे मोनेने पुढे मान्य केले. मोनेचे ‘मॅगपाय’ हे चित्र १८६८-६९ च्या हिवाळ्यातले. त्यात शेकोटी नाही, खेळ नाही; कुंपणाच्या फाटकावर एक काळा-पांढरा पक्षी आहे आणि बर्फावर कुंपणाची निळी सावली पडली आहे. १८६९ च्या पॅरिसमधील अधिकृत प्रदर्शनाने ते नाकारले. एका महिन्याची खूण म्हणून पोथीत आलेला बर्फ इथे स्वतःच चित्राचा विषय झाला.