कर्ज घराला लागतं तेव्हा

लेस्टरमध्ये जुनं घर घेतलं आणि पहिल्याच वीजबिलात एक जादा ओळ दिसली : ‘ग्रीन डील’चा हप्ता. आधीच्या मालकाने भिंतींना थंडी अडवणारा थर बसवला होता. त्याचं कर्ज आता मी फेडायचं होतं. कागदांवर मी सही केलेली होतीच. तरी फोनवर बाबा म्हणाले, “अगं, कर्ज माणसाचं असतं. घराचं कसं असेल?”

त्यांच्या प्रश्नाने मला या योजनेचा इतिहास वाचायला लावलं.

जानेवारी २०१३मध्ये ब्रिटिश सरकारने ग्रीन डील सुरू केली. भिंतींचा थर, नवा बॉयलर, हीट पंप, काहीही बसवा. आधी पैसे नकोत. हप्ता वीजबिलातून जाईल आणि घर विकलं तर कर्ज घराबरोबर जाईल. एक ‘सोनेरी नियम’ही होता : हप्ता अपेक्षित बचतीपेक्षा जास्त नसावा.

गोम ‘अपेक्षित’ या शब्दात होती. हिशेब सरासरी कुटुंबाचा होता. पण पैसे वाचवायला एकच खोली तापवणाऱ्या माणसाचं बिल आधीच कमी. त्याची बचत होणार कशातून? त्याला ऊब मिळाली असती, हप्त्याचे पैसे नव्हे. शिवाय व्याज सात टक्क्यांच्या वर, गृहकर्जाहून कितीतरी महाग.

लोक फिरकलेच नाहीत. जुलै २०१५मध्ये सरकारने निधी थांबवला. २०१६मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला : कर्जं जेमतेम चौदा हजार घरांनी घेतली, सरकारी खर्च चोवीस कोटी पौंड. म्हणजे दर कर्जामागे सुमारे सतरा हजार पौंड!

पुढे इंग्लंडने हीट पंपासाठी कर्जाऐवजी थेट अनुदान दिलं : २०२२मध्ये पाच हजार पौंड, पुढच्या वर्षी साडेसात हजार. स्कॉटलंडने अनुदानाला बिनव्याजी कर्जाची जोड दिली. कर्ज वाईट नव्हतं. ते कुणाच्या खिशाकडे बघून आखलं, हा प्रश्न होता.

गेल्या हिवाळ्यात बाबा इथे आले. पहिल्या रात्री त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. “गार नाही गं,” म्हणाले. मग थोडं थांबून, “हप्ता किती राहिलाय?”