छप्पर आणि सांगाडा : छोट्या मोटारीच्या उघड्या रूपांतराचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा इंजिनाकडे असते. इंजिनाची शक्ती, वेग आणि इंधनाचा खर्च यांची टिपणे विपुल आढळतात. छपराची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. छप्पर म्हणजे ऊनपावसापासून आडोसा, यापलीकडे त्यात अभ्यासण्यासारखे काय आहे, अशी समजूत असावी. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे. बंद छोट्या मोटारीचे छप्पर काढून तिला बग्गीप्रमाणे मिटता-उघडता टप बसविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात बराच झाला. हे रूपांतर एका गाडीत सुकर आणि दुसरीत जिकिरीचे का ठरले, याचे कारण कारागिराच्या कौशल्यात शोधण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ते अन्यत्र शोधले पाहिजे. गाडीचे बळ तिच्या कोणत्या अंगात साठवावयाचे हा निर्णय कारागिराने पत्र्याला हात लावण्यापूर्वीच होऊन गेलेला असे, आणि तो पोलादाच्या, प्रेसच्या व कारखान्यांच्या मालकीच्या हिशेबात झालेला असे.

आज उघडी मोटार ही चैनीची वस्तू वाटते. आरंभी परिस्थिती नेमकी उलट होती. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेली बंद गाडी महाग पडे आणि कापडी टपाची गाडी सामान्य ग्राहकाला परवडे. अमेरिकेत १९१९ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे नव्वद टक्के उघड्या होत्या. १९२७ साली सुमारे ८५ टक्के बंद होत्या. हडसन कंपनीच्या एसेक्स गाडीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९२१ अखेर तिची बंद आवृत्ती १,४९५ डॉलरांना, म्हणजे उघड्या आवृत्तीपेक्षा ३०० डॉलरांनी अधिक किमतीस, बाजारात आली. १९२५ मध्ये तीच बंद गाडी ८९५ डॉलरांना मिळू लागली आणि उघडीपेक्षा पाच डॉलरांनी स्वस्त झाली. किमतींच्या या उलथापालथीनंतर उघडी गाडी मुद्दाम, वेगळे पैसे मोजून करून घेण्याची वस्तू बनली.

याच काळात फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने संपूर्ण पोलादी साट्याचे तंत्र प्रगत केले. मोठ्या प्रेसमध्ये दाबून घडविलेले पत्रे एकमेकांस वेल्डिंगने जोडले की त्यांची एक ताठ पेटी तयार होते आणि खालच्या जड सांगाड्याची गरज उरत नाही. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. सिट्रोएनची १९३४ ची पुढील चाकांनी ओढली जाणारी गाडी आणि ओपेल कंपनीची १९३५ ची ऑलिम्पिया ही तिची युरोपातील महत्त्वाची उदाहरणे होत. या पेटीत छप्पर हे झाकण नसून भार पेलणारी बाजू असते. बुटांच्या खोक्याला झाकण चिकटवून ते पिळून पाहावे आणि मग झाकण फाडून पुन्हा पिळावे, म्हणजे या विधानाची प्रचीती येते. छप्पर काढलेली गाडी मध्यभागी खचते आणि खड्ड्यावरून जाताना पिळवटते. दारांच्या फटी बदलतात व दारे अडकू लागतात. ओपेलच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. त्यांनी ऑलिम्पियाच्या उघड्या आवृत्तीत दारांवरच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी तशाच ठेवल्या आणि मधले कापड तेवढे मागे गुंडाळले जाईल अशी सोय केली. १९४८ च्या सिट्रोएन २सीव्हीत आणि १९५७ च्या फियाट ५०० मध्येही कापडाचेच छप्पर होते. हा अर्धा उघडेपणा होय. त्यात पत्र्याचीही बचत होत असे.

पूर्ण उघडेपणाचा सर्वांत सविस्तर प्रयोग फोक्सवॅगन बीटलवर झाला. २६ मे १९३८ रोजी फाल्लर्सलेबेननजीक कारखान्याची कोनशिला बसविली गेली, तेव्हा मांडलेल्या तीन नमुन्यांपैकी एक टपाची गाडी होती आणि हिटलर समारंभानंतर तीतूनच गेला. प्रचारासाठी उघडी गाडी सोयीची, हे उघड आहे. सामान्य जर्मन ग्राहकाला मात्र युद्धापूर्वी यांपैकी कोणतीच गाडी मिळाली नाही. युद्धानंतर कारखाना ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला आणि जानेवारी १९४८ मध्ये हाइनरिख नॉर्डहॉफ यांच्याकडे त्याची सूत्रे आली. व्होल्फ्सबुर्गची सारी शक्ती बंद गाडीच्या उत्पादनात गुंतली होती. म्हणून उघड्या गाडीचे काम बाहेरच्या दोन कारखान्यांना देण्यात आले. त्या दोघांचाही पूर्वेतिहास घोडागाड्यांचा होता, ही गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पहिला कारखाना व्युलफ्राट येथील हेबम्युलर यांचा. त्यांनी दोन माणसांची देखणी गाडी तयार केली आणि त्यांना दोन हजार गाड्यांची मागणी मिळाली. जुलै १९४९ मध्ये कारखान्याला आग लागली. सुमारे सातशे गाड्या झाल्या आणि १९५२ मध्ये संस्था दिवाळ्यात गेली. दुसरा कारखाना ओस्नाब्रुकच्या कारमान यांचा. विल्हेल्म कारमान यांनी १९०१ मध्ये क्लागेस यांचा १८७४ पासून चालत आलेला बग्ग्यांचा कारखाना विकत घेतला होता. त्यांच्या चार माणसांच्या गाडीला आरंभी एक हजारांची मागणी होती. १९४९ मध्ये सुरू झालेले हे काम जानेवारी १९८० पर्यंत चालले आणि सव्वातीन लाखांहून अधिक गाड्या ओस्नाब्रुकमधून बाहेर पडल्या. जर्मनीत बंद बीटलचे उत्पादन जानेवारी १९७८ मध्येच थांबले होते. म्हणजे तेथे मुलीने आईपेक्षा दोन वर्षे अधिक आयुष्य भोगले.

बीटल पूर्णपणे मोनोकॉक नव्हती. तिच्या तळाशी मध्यभागी पोकळ कणा असलेला ताठ पाट होता आणि वरचा साटा त्यावर बोल्टांनी जखडलेला असे. हा कणा छप्पर गेल्यावरही जागेवरच राही. तरीही तो एकटा पुरेसा नव्हता. कारमानच्या कारागिरांनी दोन्ही उंबऱ्यांखाली पोलादी पेटीदार पट्ट्या वेल्ड केल्या, दारांचे खांब जाड केले आणि पुढल्या काचेची चौकट मजबूत केली. टप मिटला की मागच्या खिडकीखाली त्याची जाड घडी बसे. बंद गाडीत इंजिनाला हवा पुरविणाऱ्या फटी नेमक्या तेथेच होत्या. त्या इंजिनावरच्या झाकणात हलवाव्या लागल्या. बंद गाडीच्या दाराच्या खांबात असलेले वळण दाखविणारे हात सुरुवातीच्या गाड्यांत दारापुढच्या पत्र्यात गेले. टप तर कापड, घोड्याच्या केसांची भर आणि आतले अस्तर अशा थरांचा होता व त्याला मागे खरी काच असे. हिवाळ्यातही ऊब राखणारा असा टप शिवणे हे बग्गीवाल्याचेच काम होय. एक छप्पर काढल्याने गाडीच्या इतक्या अंगांना हात लावावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे ती बंद गाडीपेक्षा महाग का पडे, याचा उलगडा होतो.

ऑगस्ट १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीची अवस्था अधिक बिकट होती. ॲलेक इसिगोनिस यांच्या या गाडीत कणा नव्हता. इंजिन आणि चाके पेलणाऱ्या पुढल्या व मागल्या दोन चौकटींच्या मधली सारी ताकद पत्र्याच्या पेटीत होती. मूळ कंपनीने मिनीची टपाची आवृत्ती काढलीच नाही. ती उणीव केंट परगण्यातील वेस्टरहॅमच्या क्रेफर्ड या छोट्या संस्थेने १९६० नंतरच्या दशकात भरून काढली. १९६६ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने एका स्पर्धेची बक्षिसे म्हणून क्रेफर्डकडून ५७ वुल्झली हॉर्नेट गाड्यांची छपरे काढवून घेतली. हॉर्नेट ही मिनीचीच डिकी असलेली बहीण. अशा कामात आधी गाडी समपातळीवर उभी करून दारांच्या पोकळीत आडवे नळ बसवितात, उंबरे आणि तळ यांना नव्या पेट्या जोडतात आणि मगच छपराला हात घालतात. हा क्रम चुकला तर गाडी खचलेल्या आकारातच वेल्ड होते. कारखान्याची म्हणता येईल अशी टपाची मिनी रोव्हर कंपनीने थेट १९९३ मध्ये बाजारात आणली. तीही १९९१ मध्ये एका जर्मन विक्रेत्याच्या रूपांतरित गाड्या विकून पाहिल्यानंतर. सुमारे एक हजार गाड्या होऊन १९९६ मध्ये तिचा अध्याय संपला.

मिनीच्याच वर्षी निघालेल्या ट्रायम्फ हेराल्डने याच्या अगदी विरुद्ध वाट धरली आणि आमच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार ती गाडी आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला साटे पुरविणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली. पूर्ण पेटी घडविण्याची सोय अशी हातची गेल्यावर स्टँडर्ड-ट्रायम्फने वेगळा सांगाडा पुन्हा स्वीकारला आणि साट्याचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करवून ते बोल्टांनी जोडले. त्या काळी हे पाऊल मागासलेले ठरले असते. परंतु त्यामुळे छप्पर हा गाडीचा सुटा भाग झाला. मिकेलोत्ती यांच्या एकाच आराखड्यातून बंद गाडी, १९६० ची टपाची गाडी आणि लांब पाठीची गाडी निघाली. बंद हेराल्डचे छप्पर पान्याने सोडवून ती उघडी करणे शक्य झाले. मालकीच्या एका व्यवहाराने वीस मैलांच्या टापूतल्या अभियंत्यांपेक्षा अधिक काम केले, असे विनोदाने म्हणता येईल. हीच गाडी १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार होऊ लागली आणि १९६८ मध्ये तेथे तिला चार दारे मिळाली. सांगाडा वेगळा असल्यामुळेच असा स्थानिक फेरफार आटोक्यात राहिला असावा. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातील फियाट ११०० मात्र मोनोकॉक जातीची. तिला मिनीचेच नियम लागू होतात.

फोक्सवॅगननेही पुढे पूर्ण उघडेपणाचा आग्रह सोडला. बीटलची जागा घेणाऱ्या टपाच्या गोल्फमध्ये, १९७९ साली, दारांच्या मागे एक पक्की कमान होती. गोल्फला बीटलसारखा कणा नव्हता. ती गाडीही ओस्नाब्रुकलाच तयार होई. कारमान संस्था २००९ मध्ये दिवाळ्यात गेली आणि तेथील कारखान्याचा ताबा फोक्सवॅगनने घेतला.

राहता राहिला पुराव्याचा प्रश्न. जुन्या गाड्यांच्या किमती वाढल्यापासून बंद गाड्या कापून त्या मूळच्या टपाच्या म्हणून विकण्याचे प्रकार होतात. रूपांतर मुळातच अनिष्ट, असे काही संग्राहक म्हणतात. ते आम्हास मान्य नाही. क्रेफर्डचे काम हा त्या काळाचाच भाग आहे आणि ते तसेच जतन केले पाहिजे. आक्षेप आहे तो रूपांतर लपविण्यावर, कारण त्यायोगे गाडी साधन म्हणून निरुपयोगी होते. सुदैवाने कारखान्यांच्या नोंदी येथे साहाय्यास येतात. टपाच्या हेराल्डच्या क्रमांकाअखेर सीव्ही ही अक्षरे असतात, बंद गाडीच्या क्रमांकाअखेर ती नसतात. ऑगस्ट १९६४ नंतरच्या बीटलचा क्रमांक १५ ने सुरू होत असेल तर ती ओस्नाब्रुकची. ११ ने होत असेल तर ती कारखान्यातून बंदच निघालेली. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या बाबतीत क्रमांकाचे पहिले अंक हे सांगत नाहीत. तेथे अभ्यासकाला गाडीखाली आडवे होऊन उंबऱ्यांखालच्या त्या पेटीदार पट्ट्या आणि त्यांचे वेल्डिंग स्वतः पाहावे लागते.