जमीन मिळाली, पण कोणती?

मेक्सिकोच्या क्रांतीवरची सर्वांत गाजलेली कादंबरी एका डॉक्टरने लिहिली. मारियानो अझुएला हा हालिस्को प्रांतातला. पांचो व्हियाच्या बाजूच्या फौजेत तो जखमींवर उपचार करत फिरला आणि पराभवानंतर सीमा ओलांडून अमेरिकेतल्या एल पासोला गेला. तिथल्या एका स्पॅनिश वर्तमानपत्रात १९१५ साली ‘लोस दे आबाहो’, म्हणजे ‘खालचे लोक’, क्रमशः छापली गेली. जवळजवळ दहा वर्षे तिची फारशी कोणी दखल घेतली नाही.

१९१० चा उठाव झाला तो पोर्फिरिओ दियाझच्या हुकूमशाहीविरुद्ध. त्याच्या काळात रेल्वे आली, परकी भांडवल आले आणि गावांच्या सामाईक जमिनी बड्या जमीनदारांच्या घशात गेल्या. पण अझुएलाचा नायक देमेत्रिओ मासियास यातले काहीच बोलत नाही. गावच्या धनदांडग्याशी त्याचे वैर होते, सरकारी शिपायांनी घर जाळले, म्हणून तो डोंगरात गेला. तत्त्वाची भाषा बोलतो तो शिकलेला लुईस सेर्व्हांतेस. आणि शेवटी लुटीतला वाटा घेऊन सुखरूप अमेरिकेत पोचतो तोही तोच. असा माणूस आपल्याला अनोळखी आहे असे आपण म्हणू शकू का?

एक प्रसंग विसरता येत नाही. लुटीत मिळालेले टाइपरायटर एक शिपाई पाठीवर वाहतो. जड, म्हणून कमी किमतीत दुसऱ्याला विकतो, तो तिसऱ्याला. भाव घसरत घसरत चिल्लरीवर येतो आणि शेवटचा धनी ते खडकावर आपटून फोडतो. ज्याला अक्षर कधी शिकवलेच नाही, त्याने त्या यंत्राचे आणखी काय करायचे?

तरीही अझुएलाचे सारेच आपण मान्य करू नये. त्याच्या रागात शिकलेल्या माणसाची निराशा मिसळलेली आहे. दक्षिणेत झपाटाच्या शेतकऱ्यांना आपण का लढतो हे नेमके ठाऊक होते; जमीन परत मिळावी ही मागणी त्यांनी १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात लिहून ठेवली होती. ते लोक या कादंबरीत नाहीत.

जमीन वाटली गेलीच नाही, असेही नाही. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या काळात, १९३४ ते १९४० मध्ये, सुमारे पावणेदोन कोटी हेक्टर जमीन वाटली गेली. (आपल्या वर्ध्याचे गदर क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्याच देशात शेतीशास्त्र शिकवत होते, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले.)

पण कोणती जमीन? हुआन रुल्फोच्या १९५३ सालच्या संग्रहातली एक कथा एवढाच प्रश्न विचारते. आम्हाला ती कार्लोस फुएन्तेसच्या ‘आर्तेमिओ क्रूझ’पेक्षा (१९६२) अधिक खोल वाटते, जरी क्रांतीतला सैनिक धनाढ्य कसा होतो हे फुएन्तेसने निर्दयपणे दाखवले आहे. रुल्फोचे चार शेतकरी सकाळपासून उजाड माळ तुडवत आहेत. बंदुका आणि घोडी आधीच काढून घेतलेली. सरकारने दिलेली जमीन ती हीच, कुदळही शिरणार नाही अशी. ते तक्रार करतात, तर अधिकारी म्हणतो, लेखी द्या. पावसाचा एकच थेंब पडतो आणि मातीत जिरतो. एकाने कोटाखाली कोंबडी धरली आहे. घरी तिला चारायला कोणी उरले नाही, म्हणून बरोबर आणलेली. उतारावरून ते नदीकाठच्या गावात येतात. तिथे हिरवी झाडे आहेत, ओली माती आहे, आणि ती दुसऱ्यांची आहे.