लक्झेंबर्ग : एका छोट्या देशाचे युद्धकालीन दफ्तर



आपल्या पाठ्यपुस्तकांत महायुद्धे येतात ती मोठ्या राष्ट्रांची. हिटलर, चर्चिल, स्टालिन ही नावे आठवीच्या मुलालाही पाठ असतात. पण ज्यांच्या दारावरून या फौजा गेल्या, त्या लहान देशांतील माणसांचे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. असाच एक देश म्हणजे लक्झेंबर्ग. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या मधोमध वसलेला, नकाशावर बोट ठेवले तर झाकून जाईल एवढा. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तेथील लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. एवढ्या लहान समाजात युद्धाचा परिणाम घरागणिक तपासता येतो. इतिहास कागदपत्रांवरून कसा उभा करतात हे पाहायचे असेल, तर विद्यार्थ्याने या देशाकडे अवश्य पाहावे.

पहिल्या महायुद्धाबद्दल थोडक्यात सांगतो. १८६७ च्या लंडन करारान्वये हा देश तटस्थ ठरला होता. तरीही ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य आत शिरले व चार वर्षे राहिले. धान्याची टंचाई आणि महागाई यांनी लोक हैराण झाले. १९१७ मध्ये दक्षिणेकडील लोखंडाच्या खाणींत व पोलाद कारखान्यांत संप झाला, तो जर्मन लष्कराने मोडून काढला. राणी मारी-अडेलाईड हिने शत्रूशी सलोखा ठेवला असा ठपका आला, आणि जानेवारी १९१९ मध्ये तिने गादी सोडली. तिची बहीण शार्लोट गादीवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले, त्यात प्रथमच स्त्रियांनीही मत दिले, आणि सुमारे ७८ टक्के कौल शार्लोटच्या बाजूने पडला.

दोस्त राष्ट्रांच्या, विशेषतः फ्रान्सच्या सैन्यात स्वेच्छेने लढलेल्या लक्झेंबर्गच्या तरुणांसाठी १९२३ मध्ये राजधानीत एक स्मारक उभारले गेले. उंच स्तंभावर सोन्याचा मुलामा दिलेली स्त्रीमूर्ती. १९४० मध्ये नाझींनी ते पाडले. मूर्ती कोठे गेली याचा अनेक वर्षे पत्ता नव्हता. अखेर १९८० मध्ये ती राष्ट्रीय क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहाखाली सापडली आणि १९८५ मध्ये पुन्हा जागेवर बसविण्यात आली.

आता मुख्य विषयाकडे येऊ. १० मे १९४० रोजी जर्मनीने दुसऱ्यांदा आक्रमण केले. राणी शार्लोट व तिचे मंत्री परदेशी निघून गेले. काही आठवड्यांतच गुस्टाव्ह सिमॉन नावाचा नाझी अधिकारी कारभार पाहू लागला. लक्झेंबर्गचे लोक मुळात जर्मनच आहेत, त्यांना तसे कबूल करायला लावायचे एवढेच बाकी आहे, असे त्याचे मत होते. त्याने फ्रेंच भाषेवर बंदी घातली. रस्त्यांची नावे बदलली, माणसांची फ्रेंच वळणाची नावेही जर्मन करण्याचे हुकूम निघाले. डोक्यावरची फ्रेंच पद्धतीची गोल टोपीसुद्धा चालेना!

यानंतर आली ती खानेसुमारी. १० ऑक्टोबर १९४१ ही तिची तारीख. पत्रकात इतर माहितीबरोबर तीन प्रश्न होते : राष्ट्रीयत्व कोणते? मातृभाषा कोणती? वंश कोणता? लक्झेंबर्गची बोली ही भाषा नसून जर्मनची पोटबोली आहे, तेव्हा ते उत्तर चालणार नाही, अशी सूचनाही होती. वाचकहो, घरात एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि मक्तबात तिसरी, अशी सवय असलेल्या आपल्यासारख्यांना मातृभाषेच्या रकान्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भूमिगत गटांनी रातोरात पत्रके वाटली : तिन्ही ठिकाणी 'लक्झेंबर्गी' असेच लिहा. अधिकाऱ्यांनी नमुन्यादाखल भरलेली पत्रके चाळली, तेव्हा बहुतेकांनी तसेच लिहिल्याचे दिसून आले. सिमॉनला ही मोजणी रद्द करावी लागली.

'९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी तसे लिहिले' असे वाक्य तुम्हाला अनेक पुस्तकांत आढळेल. पण पूर्ण मोजणी झालीच नाही, हे ध्यानात ठेवा. आकडा नमुन्यावरचा आहे. लोकांच्या धैर्याला त्याने बाधा येत नाही. आकडा वाचला की तो कोणी, कशावरून मोजला हे विचारण्याची सवय मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

३० ऑगस्ट १९४२ रोजी तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्याचा हुकूम निघाला. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडील विल्ट्स गावात संप सुरू झाला आणि तो देशभर पसरला. शिफ्लांजच्या पोलाद कारखान्यात भोंगा वाजवून कामगार बाहेर पडले. शाळाही ओस पडल्या. शिक्षा भयंकर झाली. एकवीस जणांना देहदंड देण्यात आला, त्यात विल्ट्सचे शिक्षकही होते. मोठ्या शाळांतील काही मुलांना तर 'सुधारण्यासाठी' जर्मनीतील एका किल्ल्यात नेऊन ठेवले.

भरती थांबली नाहीच. १९२० ते १९२७ या वर्षांत जन्मलेली दहा हजारांवर मुले जर्मन गणवेशात गेली. सुमारे २,८०० परत आली नाहीत. कित्येक जण पळून खाणींत, गोठ्यांत, माळ्यांवर लपले. त्यांच्या आईवडिलांना देशाबाहेर हलविण्यात आले. रशियनांच्या हाती लागलेले तांबोव्हच्या छावणीत कैदी झाले, कारण अंगावर गणवेश शत्रूचा होता. युद्धानंतर प्रश्न उभा राहिला : ही मुले बळी की शत्रूचे सैनिक? हा वाद घरोघर आणि संसदेतही अनेक वर्षे चालला. या मुलांची पत्रे, छायाचित्रे, सैन्याचे दाखले त्यांच्या कुटुंबांनी पेट्यांत जपून ठेवले होते, म्हणून संशोधकांना काम करता आले. आपल्या कोकणातील कित्येक घरांतले पुरुष त्याच युद्धात आगबोटींवर खलाशी होते. त्यांचे जहाजी दाखले, तारा, फोटो रद्दीत जाण्यापूर्वी एकदा पाहा, एवढीच पालकांना विनंती.

युद्धानंतर १० ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरला. त्या खानेसुमारीने बोलीचा मान इतका वाढविला की १९८४ च्या कायद्याने तिला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला. परंतु त्या खानेसुमारीनंतर केवळ सहा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९४१ रोजी, तीनशेहून अधिक ज्यूंना भरून पहिली आगगाडी पोलंडमधील लॉड्झकडे रवाना झाली होती. त्यांतले अगदी थोडे जिवंत राहिले. ही दुसरी तारीख कित्येक दशके कोणाच्या तोंडी नव्हती. जर्मनांनी केले, आमचा काय संबंध, अशी सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत दफ्तरातील कागदांनीच मोडली. शाळांतील ज्यू मुलांच्या नावांची यादी लक्झेंबर्गच्याच प्रशासनाने तयार करून जर्मनांच्या हाती दिल्याचे प्रकाशात आले. रोज हजेरीपट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा. अक्षर सुवाच्य, नावे बिनचूक! सरकारने इतिहासकार व्हिन्सेंट आर्टुझो यांच्याकडे चौकशीचे काम सोपविले. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. देशाच्या कारभाऱ्यांनी काही बाबतींत आपण होऊन हातभार लावला, असे त्यात कागदोपत्री दाखविले होते. जून २०१५ मध्ये सरकारने व संसदेने ज्यू समाजाची जाहीर क्षमा मागितली, आणि २०१८ मध्ये राजधानीत त्या बळींचे स्मारक उभे राहिले.